कुंपण उभारल्याचा, पाडल्याचा आणि ठेवल्याचा खर्च

प्रति,
माननीय मुख्य अधिकारी,
बांधकाम व अतिक्रमण विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : घराभोवती लाकडी कुंपण उभारण्यास आलेला खर्च मिळणेबाबत, तेच कुंपण पाडल्याच्या व त्याचे लाकूड ठेवल्याच्या खर्चाची मागणी रद्द होणेबाबत, आणि अन्य एक बाब कळविणेबाबत.

संदर्भ : १) आपली कुंपण उभारण्याची नोटीस, दि. ५ फेब्रुवारी.
२) आपली कुंपण काढण्याची नोटीस, दि. १५ मे.
३) आपली कुंपण नसल्याबद्दलची दंडाची नोटीस, दि. २० जुलै.
४) माझे यापूर्वीचे पाच अर्ज.

महोदय,

हा माझा सहावा अर्ज आहे. आधीच्या पाचही अर्जांची सुरुवात मी ‘सविनय सादर करते की’ अशी केली होती. पाचही अर्जांवर आपला आवक शिक्का आहे, उत्तर मात्र एकाचेच आले, तेही नकाराचे. म्हणून या वेळी ‘सविनय’ गाळले आहे. बाकी नमुना आपल्या फलकावर लावला आहे तसाच ठेवला आहे, म्हणजे नमुना चुकला या कारणाने अर्ज परत करता येऊ नये.

१. मी एकसष्ट वर्षांची असून घरी शाळेचे गणवेश शिवते. माझे यजमान सुतार. चव्वेचाळीस वर्षे त्यांनी दारे, खिडक्या, कपाटे आणि जिने केले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही म्हणते. आमचे घर दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर आहे. मागच्या अंगाला बासष्ट फूट लांब आपला मोठा नाला आणि डाव्या बाजूला चाळीस फूट रस्ता. नाला उघडा आहे आणि दोन पुरुष खोल आहे. तो झाकण्याबाबत आम्ही गल्लीतल्या लोकांनी नऊ वर्षे अर्ज केले, ते वेगळे. या अर्जात ते धरलेले नाहीत.

२. तीन वर्षांपूर्वी यजमानांना विसरण्याचा आजार सुरू झाला. आधी हत्यारांची नावे गेली. रंध्याला ते ‘ते सपाट करायचं’ म्हणू लागले. मग माणसांची नावे गेली. मग जेवलो की नाही हे जाऊ लागले. गेल्या वर्षापासून ते मला ‘बाई’ म्हणत, आदराने, परक्या बाईला म्हणावे तसे. ‘बाई, पाणी मिळेल का?’ असे. आणि ते घरातून निघून जाऊ लागले. एकदा दूधवाल्याने त्यांना बसथांब्यावरून आणले. एकदा ते एका चालू बांधकामावर सापडले, तिथल्या सुतारांमध्ये बसून चहा पीत होते. एकदा मात्र ते नाल्याच्या काठावर उभे होते, एक पाय उचललेला. मी शिवणयंत्रावरून उठून धावले. त्या दिवसापासून मी शिवताना यंत्राचे तोंड खिडकीकडे करून बसते.

३. अशा वेळी आपली ५ फेब्रुवारीची नोटीस आली. नाल्यालगतच्या प्रत्येक घरमालकाने आपल्या हद्दीवर ‘लाकूड, लोखंड अथवा विटा यांचे किमान चार फूट उंचीचे कुंपण’ पंचेचाळीस दिवसांत उभारावे, अन्यथा दंड. आणि उभारल्यास पाहणीअंती निम्मा खर्च कार्यालय देईल, असे त्यात लिहिले होते. महोदय, खरे सांगते, नोटीस वाचून मला बरे वाटले. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी कागदावर माझ्या मनातले वाक्य छापून आले होते.

४. लोखंडी कुंपणाचा दर विचारला, तो आमच्या ऐपतीबाहेर होता. विटांच्या भिंतीला पाया लागतो आणि पायाला आपली वेगळी परवानगी लागते. राहिले लाकूड. वखारवाल्याने यजमानांच्या जुन्या ओळखीने बेताचा भाव लावला. तरीही खर्च असा आला : खांब वीस, १२,४००. उभ्या पट्ट्या दोनशे चार, १९,३८०. आडवे दांडे चौतीस, १०,५४०. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या व कडी ३,४८०. खांबांच्या बुडाला डांबर आणि वरून तेल व रंग ४,२००. टेम्पो १,५००. खड्डे खणणारे दोन गडी २,८००. सुताराची मजुरी अकरा दिवसांची ९,९००. एकूण ६४,२००. सर्व पावत्या आपल्याकडे मार्चपासून आहेत. हे पैसे मी यजमानांचे रंध्याचे यंत्र विकून उभे केले. ते न्यायला माणसे आली तेव्हा यजमानांनीच त्यांना ते कुठून धरायचे हे दाखवले. कुणाचे यंत्र आहे हे त्यांना माहीत नव्हते.

५. १९ फेब्रुवारी रोजी आपले मोजणीदार आले. टेप धरून, दोनदा मोजून त्यांनी पांढरी रेघ मारली आणि चार लाल खुंट्या ठोकल्या. नकाशावर त्यांची सही आणि माझी सही झाली. ‘या रेघेवर डोळे मिटून बांधा’ असे ते म्हणाले. आम्ही डोळे उघडे ठेवून, दोरी लावून बांधले.

६. वरील मजुरी ज्या एका सुताराची, ते यजमानांचे जुने शागीर्द. आज त्यांचीच मुले कॉलेजात आहेत. ते पहिल्या दिवशी म्हणाले, ‘काकू, मिस्त्रींना खुर्ची टाकून बसवा, नुसतं बघू देत.’ यजमान खुर्चीवर पाऊण तास बसले. मग उठले, शागिर्दाच्या हातून करवत काढून घेतली आणि म्हणाले, ‘अशी धरतात?’

महोदय, पुढचे अकरा दिवस आपल्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत, तरी लिहिते, कारण खर्चाचा प्रश्न निघाला आहे. ज्या माणसाला सकाळी दात घासल्याचे दुपारी आठवत नव्हते त्याने वीस खांब एका ओळीत उभे केले. तिसरा खांब बोटभर कलला होता, तर शागिर्दाला सगळ्या गल्लीसमोर झापले : ‘ओळंबा काय शोभेला आणलाय?’ चाळिशी उलटलेला तो बाप्या खाली मान घालून हसत होता आणि रडतही होता. प्रत्येक पट्टीची वरची कड यजमानांनी हाताने गोल केली. मी विचारले, कशाला एवढे? म्हणाले, ‘पोरं हात लावतात. लाकडाची कूस बोटात शिरते.’ सातव्या दिवशी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली, चहा मागायला. मी चहा करायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

शेवटच्या दिवशी फाटकाला कडी बसवायची होती. ती बाहेरून बसवायची असे शागिर्दाने आणि मी आधीच ठरवले होते. यजमान कडी हातात घेऊन पाहत राहिले. म्हणाले, ‘आतल्या माणसाला उघडता येणार नाही अशी कडी कशाला?’ मी म्हणाले, ‘कुत्रा पळून जातो म्हणून.’ आमच्याकडे कुत्रा नाही. ‘मग ठीक आहे,’ ते म्हणाले, आणि चारऐवजी सहा स्क्रू मारले.

७. १६ मार्च रोजी, म्हणजे मुदतीच्या सहा दिवस आधी, मी निम्म्या खर्चासाठी पहिला अर्ज केला. आपले कारकून म्हणाले, मजुरीच्या पावतीवर दोन्ही सुतारांची सही हवी. मी सांगितले, एकांना सही आठवत नाही, आणि त्यांची मजुरी मी लावलेलीच नाही. ते म्हणाले, ‘मग सुतार बदलून आणा, मावशी.’ कुंपण उभे होते, सुतार बदलून आणायचा! पाहणीला माणूस येईल असे सांगण्यात आले. मार्च गेला, एप्रिल गेला, पाहणीला कोणी आले नाही. पण ते दोन महिने यजमान अंगणात मोकळे फिरले. कुंपणाला धरून इकडून तिकडे जात, पट्ट्यांवरून हात फिरवत. मी यंत्राचे तोंड पुन्हा भिंतीकडे केले होते.

८. २१ मे रोजी आपल्याच कार्यालयाच्या रस्ता शाखेचा माणूस आला आणि त्याने कुंपणावरच खिळा ठोकून एक नोटीस लावली. कुंपण रस्त्यात अठरा इंच आले आहे, सबब सात दिवसांत काढून घ्यावे. नोटिशीवर तारीख १५ मे होती. म्हणजे सात दिवसांतले सहा दिवस ती आपल्याच टेबलावर उन्हापावसापासून सुरक्षित होती. मला मिळाला एक.

९. २२ मे, शुक्रवार. मी सकाळी साडेदहाला मोजणीचा नकाशा आणि हरकतीचा अर्ज घेऊन आपल्या दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसले. यजमानांजवळ शेजारीण बसली होती. ती परिचारिका आहे, सगळे तिला सिस्टर म्हणतात. शिपाई म्हणाला, ‘साहेब साइटवर गेलेत, बसा.’ मी बसले. साडेअकराला विचारले, बारा वाजता विचारले, एकला विचारले. दर वेळी साहेब साइटवर. शेवटी पावणेदोनला कारकुनाने माझ्या अर्जावर शिक्का मारून दिला. कुंपण पाडू नये, अशी विनंती करणारा अर्ज. शिक्क्यावर वेळ १.४५ आहे, झेरॉक्स जोडली आहे.

महोदय, साइट माझे घर होते. मी तीन तास आपल्या बाकावर आपली वाट पाहत होते आणि आपण माझ्या अंगणात उभे होता.

१०. वाद फक्त रस्त्याकडच्या चाळीस फुटांचा होता. आपल्या माणसांनी नाल्याकडचे बासष्ट फूटही काढले. सिस्टरने विचारले तेव्हा मुकादम म्हणाला, ‘अर्धवट काम आम्ही करत नाही.’ खांबांना साखळी बांधून ट्रकने ओढले. पट्ट्या पहारीने उचकटायला लागले तेव्हा यजमान पुढे झाले. सिस्टर मला फोन लावत होती, माझा फोन आपल्या नियमाप्रमाणे खाली दारात जमा होता. तिला वाटले आता हे भांडणार, आरडाओरडा करणार. तसे काही झाले नाही. त्यांनी मुकादमाकडे पक्कड मागितली. पहारीने पट्टी फाटते, खिळा आधी मागून ठोकून मग ओढायचा, हे त्यांनी आपल्या मजुरांना शिकवले. त्यांना वाटले, काम चालू आहे. दोनशे चार पट्ट्या त्यांनी स्वतः एकावर एक रचल्या, लहान एकीकडे, मोठ्या एकीकडे. आपण स्वतः तिथे होता. आपण म्हणालात, ‘आजोबा कामाचे आहेत,’ आणि सगळे हसले. हे मला सिस्टरने सांगितले, मजुरांनीही सांगितले. खोटे असेल तर लेखी कळवावे.

११. सिस्टर मला फोन लावण्याचा नाद सोडून शागिर्दाला फोन करायला घरात गेली. तेवढ्यात लाकूड ट्रकमध्ये भरले गेले आणि लाकडाबरोबर यजमान ट्रकमध्ये चढले. चव्वेचाळीस वर्षे ते वखारीतून लाकूड असेच आणत, माल एकटा सोडत नसत. आठ मजूर, एक मुकादम, एक ड्रायव्हर आणि एक अधिकारी. यांपैकी एकानेही विचारले नाही की आजोबा, तुम्ही कुठे निघालात?

१२. मी घरी पोचले ते सव्वादोनला. अंगणात वीस खड्डे होते आणि माणूस नव्हता. पुढे जे झाले ते थोडक्यात लिहिते. शागीर्द, सिस्टर, गल्लीतली सगळी माणसे नाल्यात काठ्या घालून बघत होती. आपल्या कार्यालयात तीन फोन केले. तिसऱ्याला उत्तर मिळाले : ‘कार्यालयाची वेळ संपली, सोमवारी करा.’ आपल्या भांडाराच्या आवाराला साडेपाचला कुलूप लागले. यजमान आत होते. शनिवारी सकाळी आठ चाळीसला राखणदाराने कुलूप उघडले तेव्हा ते पट्ट्यांच्या ढिगाशेजारी उघड्या फरशीवर बसले होते. पुढ्यात खिळ्यांचे दोन ढीग, सरळ आणि वाकडे. राखणदाराने त्यांना स्वतःचा शर्ट घातला, चहा पाजला आणि पोलिसांना कळवून आमचा पत्ता काढला. या सगळ्या प्रकरणात आपल्या कार्यालयाने केलेले माणुसकीचे काम एवढेच, आणि ते रोजंदारीवरच्या माणसाने केले. मी त्याला ‘भाऊ, तुमचे उपकार’ म्हणाले, तर तो म्हणाला, ‘ताई, बाहेर कुठे सांगू नका, मला ओरडतील. कुलूप लावताना आत बघितलं नाही ती चूक माझीच आहे.’ तरीही मी इथे लिहिते आहे. त्याला ओरडलात तर मला कळेल.

१३. रविवारी ताप चढला. फुप्फुसात कफ झाला, नऊ दिवस दवाखान्यात होते. घरी आले ते उचलून. आता पलंगावरून उठत नाहीत. हातात हातोडा दिला तर धरतात, पण कशासाठी ते कळत नाही, परत माझ्याकडे देतात. मला काहीच म्हणत नाहीत, बाईसुद्धा नाही.

१४. आता आपल्या कार्यालयाने यावर काय कार्यवाही केली ते क्रमाने नमूद करते.

१२ जून रोजी कुंपण पाडल्याच्या खर्चाचे मागणीपत्र आले, १८,७००. त्यात ‘कुशल मजुरी’ अशी एक ओळ आहे. ती कुशल मजुरी कोणी केली हे आपल्या मुकादमाला विचारावे. सोबत लाकूड भांडारात ठेवल्याचे भाडे, दररोज १५०, लाकूड नेईपर्यंत. लाकूड न्यायला गेलो तर सांगितले, आधी पाडल्याचा खर्च भरा.

१९ जून रोजी यजमानांच्या नावे पत्र आले. ‘आपण दि. २२ मे रोजी कार्यालयाच्या भांडाराच्या आवारात विनापरवाना प्रवेश करून तेथे मुक्काम केल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत सात दिवसांत समक्ष खुलासा करावा.’ महोदय, मी हे पत्र यजमानांना वाचून दाखवले. त्यांचा खुलासा असा की त्यांनी पत्राचा कागद हातात घेतला आणि त्याची कड बोटाने चाचपून पाहिली.

३ जुलै रोजी निम्म्या खर्चाचा अर्ज नामंजूर झाला. कारण, ‘पाहणीच्या दिवशी कुंपण जागेवर आढळून आले नाही.’ पाहणी करणारे साहेब कुंपण पडल्यानंतर आले, त्याआधी साडेतीन महिने त्यांना वेळ झाला नव्हता.

२० जुलै रोजी दंडाची नोटीस आली. नाल्यालगत मुदतीत कुंपण न उभारल्याबद्दल दंड ५,०००.

एकाच कार्यालयाच्या एकाच मजल्यावरून हे चार कागद निघाले. पाडणारे टेबल आणि दंड करणारे टेबल यांच्यामध्ये एक पाण्याचे पिंप आहे, मी पाहिले आहे. तेवढे अंतर चालून कोणी विचारले असते तरी पुरे होते.

१५. मोजणीबाबत. १४ जून, रविवारी, आपले मोजणीदार सुट्टीच्या दिवशी, स्वतःची टेप घेऊन माझ्या दारात आले. आत यायला तयार नव्हते. पलंगावर पडलेल्या यजमानांना त्यांनी खिडकीतून पाहिले आणि तसेच परत जाऊन मोजायला लागले. दोन तास मोजले. गेल्या वर्षी आपण समोरचा पदपथ अठरा इंच रुंद केला. रस्ता शाखेने टेप त्या नव्या पदपथाच्या कडेपासून धरली, म्हणून सगळी मोजणी अठरा इंच आमच्याकडे सरकली. कुंपण जागच्या जागी होते. रस्ता सरकला होता, आणि तो आपण सरकवला होता. मोजणीदारांनी हे स्वतःच्या अक्षरात लिहून, सही करून, तारीख घालून मला दिले. मी म्हणाले, तुम्हाला त्रास होईल. ते म्हणाले, ‘मावशी, रेघ मी मारली होती.’ जुलैत त्यांची बदली झाली. कागद जोडला आहे.

१६. ११ ऑगस्ट रोजी मी पाचव्या अर्जाची विचारणा करायला आले असता, शिपायाने जिन्याजवळ बसायला मनाई केली म्हणून आपल्या कार्यालयामागच्या बागेत जाऊन बसले. बाग नवी आहे. गुलाब लावले आहेत. गुलाबांभोवती लाकडी कुंपण आहे.

मी त्याच्या पट्टीवर हात ठेवला आणि मग एकेक पट्टी चाचपत गेले.

हिरवा रंग नवीन आहे. पण रंग फक्त बाहेरून दिला आहे, आतून आमचे तेल व रंग तसेच आहेत. प्रत्येक पट्टीची वरची कड हाताने गोल केलेली आहे. ठेकेदार अशी कड करत नाहीत, त्याचे पैसे मिळत नाहीत. फाटकाच्या कडीला सहा स्क्रू आहेत. शेजारी आपला फलक आहे, तो मी वहीत उतरवून घेतला : ‘कामाचे नाव : उद्यान सुशोभीकरण. नवीन लाकडी कुंपण पुरविणे व बसविणे. लांबी १०२ फूट. खर्च १,८६,०००.’ खाली ठेकेदाराचे नाव आणि आपले नाव. दुसऱ्या दिवशी शागिर्दाला घेऊन आले. त्याने नुसते एका खांबाजवळ बसून बुडाचे डांबर पाहिले आणि म्हणाला, ‘काकू, हे मी स्वतः लावलंय.’ राखणदारालाही विचारले. त्याने भांडाराचे दार उघडून रिकामा कोपरा दाखवला. त्या रिकाम्या कोपऱ्याचे भाडे आजही दररोज १५० प्रमाणे माझ्या नावावर चढत आहे. आजपर्यंत नव्व्याण्णव दिवस, १४,८५०.

म्हणजे हिशेब असा होतो. मी लाकूड विकत घेतले, माझ्या माणसाने ते फुकट बसवले, तुमच्या देखत त्यानेच ते नीट काढून दिले, त्याचा खर्च तुम्ही माझ्याकडून मागता, आणि तेच लाकूड तिप्पट भावात तुम्ही स्वतःला विकलेत. कुंपण नसल्याचा दंड वर. महोदय, मी एवढी वर्षे गणवेश शिवते. कापड गिऱ्हाइकाचे आणि शिलाई माझी, एवढा फरक मला कळतो. चोरीला दुसरा शब्द आपल्या खात्यात असेल तर तो कळवावा, मी पुढच्या कागदावर तो वापरीन.

१७. गेल्या आठवड्यात मी हे सगळे आपल्या कारकुनाला तोंडी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पाणीही दिले. मग म्हणाले, ‘पण मावशी, आता काका उठतच नाहीत म्हणता. मग ते कुठे जाणार? आता तुम्हाला कुंपण हवंय कशाला?’

मी पाण्याचा पेला त्यांच्या टेबलावर परत ठेवला आणि निघाले. उत्तर आता देते, लेखी. त्यांना कुठे जाता येत नाही, ते तुमच्या भांडाराच्या फरशीमुळे. ज्या कारणासाठी कुंपण केले ते कारण तुम्ही संपवलेत, म्हणून कुंपण तुमचे होत नाही. ते त्या माणसाचे शेवटचे काम आहे. अकरा दिवस ते पुन्हा मिस्त्री झाले होते, आणि त्याचा पुरावा म्हणून जगात एकशे दोन फूट लाकूड उरले आहे. ते त्यांच्या पलंगासमोरच्या खिडकीतून दिसेल असे उभे राहील. त्यांना कळो न कळो. साहेबांच्या गुलाबांभोवती ते उभे राहणार नाही.

१८. सबब मागणी अशी :

पाडल्याचा खर्च, भाडे आणि दंड, तिन्ही मागण्या रद्द कराव्यात. निम्मा खर्च, ३२,१००, नोटिशीत कबूल केल्याप्रमाणे द्यावा. यजमानांना पाठवलेले १९ जूनचे पत्र मागे घ्यावे, आणि मागे घेतल्याचे पत्र त्यांच्याच नावाने पाठवावे. मी ते वाचून दाखवीन. मोजणीदारांना परत आणावे.

या चार बाबींसाठी मी वाट पाहीन. वाट पाहायची मला सवय आपण लावली आहे.

पाचव्या बाबीसाठी वाट पाहणार नाही. येत्या सोमवारी, ३१ ऑगस्ट रोजी सकाळी साडेदहा वाजता, म्हणजे कार्यालयीन वेळेत, मी शागीर्द, टेम्पो, दोन गडी आणि सिस्टर यांच्यासह आपल्या मागच्या बागेत येत आहे. गुलाबांना धक्का लागणार नाही. वीस खांब, चौतीस दांडे, दोनशे चार पट्ट्या आणि एक फाटक आम्ही खिळे मागून ठोकून, एकही पट्टी न फाडता काढू आणि घरी नेऊ. ही परवानगीची विनंती नाही, हे कळविणे आहे.

आपल्याला अडवायचे असल्यास अडवावे. मी एक म्हातारी बाई आहे, अडवणे कठीण नाही. फक्त लेखी अडवावे. सदर कुंपण कार्यालयाच्या मालकीचे असून ते नवीन लाकडाचे आहे, असे एका कागदावर लिहून, खाली आपली सही व शिक्का करून तो कागद माझ्या हातात द्यावा. मी त्याच क्षणी टेम्पो रिकामा परत पाठवीन आणि तो कागद घेऊन थेट पोलीस ठाण्यात जाईन. आपल्या कार्यालयाकडून आजवर मला हवा तो एकही कागद मिळालेला नाही. हा मिळाला तर मला कुंपणापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

सोमवारी आपण साइटवर असाल, असे धरून चालते.

आजवर नम्र राहिलेली,

(सही)
अर्जदार, नाल्याच्या कोपऱ्यावरचे घर
दिनांक : २८ ऑगस्ट

सोबत : १) साहित्याच्या व मजुरीच्या पावत्या. २) १९ फेब्रुवारीचा मोजणी नकाशा, दोन्ही सह्यांसह. ३) हरकतीच्या अर्जाची झेरॉक्स, आवक वेळ १.४५. ४) मोजणीदारांचे १४ जूनचे पत्र. ५) दवाखान्याचे कागद. ६) बागेतल्या फलकाची नक्कल.

प्रत माहितीसाठी : रस्ता शाखा, कुंपण दंड शाखा, भांडार, पोलीस ठाणे.